दुकान म्हणजे काय?

(वेंगुर्ले येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी मॅट्रिक. बंदरावर ओझी उचलतो आणि रात्री कविता लिहितो. वकील नाही. पण पावसाळ्यात बंदर थंड पडतं, हाताला काम नसतं. म्हणून यंदा कायद्याचं एक पुस्तक वाचून काढलं. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा. १९७६ पासून त्याचं नाव झालं नागरी हक्क संरक्षण कायदा. वाचता वाचता हसत सुटलो. मग हसू घशात अडकलं. ते कसं, एवढंच सांगायला उभा आहे.

दुसऱ्या कलमात शब्दांचे अर्थ दिलेत. दुकान म्हणजे काय? तर जिथं माल विकतात ती जागा. हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण कायदा तिथं थांबत नाही. लाँड्री म्हणजे दुकान. केस कापायचं सलून म्हणजे दुकान. फेरीवाला जिथून विकतो ते दुकान, हातगाडी हे दुकान. गिऱ्हाइकाला सेवा मिळते अशी कुठलीही जागा म्हणजे दुकान. आणि जागा म्हणजे काय? घर, इमारत, तंबू, गाडी आणि जहाज! मी हे एका तांडेलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे होडी बुडाली तर जागोच बुडालो म्हण!"

हसा. पण मग विचारा, सरकारला दुकान म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण दुकानदारालाही ठाऊक होतं! दुकान सर्वांना खुलं म्हटलं की न्हावी म्हणणार, माझं कुठं दुकान आहे, मी नुसते केस कापतो. धोबी म्हणणार, मी कपडे धुतो, विकत नाही. कायद्यातली ही गमतीची यादी म्हणजे आपल्याला भायर ठेवायला पाडलेल्या भोकांची यादी आहे. एकेक बुजवलेलं भोक.

ही भोकं आधी कोणी ओळखली? २९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत आजच्या पंधराव्या कलमाची चर्चा चालली होती. सभासदांनी विचारलं, यातल्या दुकान शब्दात काय काय येतं? बाबासाहेबांनी सांगितलं की हा शब्द मोठ्या अर्थानं घेतलाय. मागेल त्याला आपली सेवा द्यायला माणूस जिथं बसलाय ते दुकान. नुसतं आत येऊ देणं पुरं नाही, सेवाही दिली पाहिजे. म्हणजे न्हाव्यानं खुर्चीत बसवलं आणि वस्तरा उचललाच नाही, तर ते चालणार नाही. सार्वजनिक जागेत दफनभूमी येते का, हेही विचारलं गेलं. सरकारी पैशातून चालत असेल तर येते, म्हणाले. माणूस मेल्यावरही शब्दाचा अर्थ विचारावा लागतो, दोस्तांनो!

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. महाडात कळलं होतं. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला आपली माणसं खरोखर पाणी प्यायली, तेव्हा डोकी फुटली. आणि वर्ष संपायच्या आत सनातनी कोर्टात गेले. काय म्हणाले? तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे! ढोरं प्यायली तोवर सार्वजनिक, आपण प्यायलो की खाजगी. हायकोर्टाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. आपल्याला वगळायची अनादि काळाची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. एका साध्या शब्दाला दहा वर्षं!

तुम्ही म्हणाल, हा इतिहास झाला. आज बघा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. जातीवरून अपमान केला तर गुन्हा, पण तो लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे. नजरेसमोर म्हणजे कुठं? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जागा खाजगी असली तरी बाहेरच्या माणसाला दिसत-ऐकू येत असेल तर चालेल. २०२० मध्ये म्हणालं, घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालं तर नाही. २०२५ मध्ये एका सरकारी कचेरीतल्या खोलीचं प्रकरण आलं. सहकारी नंतर आत आले, म्हणून तेही लोकांच्या नजरेसमोर नाही. खटला रद्द. कचेरी जनतेची, खुर्ची जनतेची, पण जनता दाराबाहेर होती.

आता माझी गोष्ट. एका टपरीवर, नाव सांगत नाही, मी चहा मागितला. मालकानं आधी विचारलं, "तू कोणाचो रे?" बघा किती गोड प्रश्न. यात जात आहे कुठं? मी सांगितलं. इतरांना काचेचा ग्लास आला, मला कागदी कप. म्हटलं, असं का? म्हणाला, "स्वच्छतेसाठी."

चौथ्या कलमात हॉटेलातल्या भांड्यांचा भेदभाव स्पष्ट लिहिलाय. पण कागदी कप हे भांडं का? आणि स्वच्छता हा गुन्हा का? च्यायला, शब्द किती साधे निवडतात! 'अस्पृश्यता' कोणी तोंडातून काढत नाही. संविधानाच्या सतराव्या कलमातही तो शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या नाही. कारण व्याख्या केली असती, तर त्या व्याख्येतही यांनी खिडकी शोधली असती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शब्द सैल असतो. तो सैल आहे म्हणून रडू नका. दोरी सैल असली की जो ओढतो त्याच्याकडे येते, हे बंदरावर रोज बघतो. आजवर ते ओढत आले, दोनचारदा आपण ओढली. तेव्हा तक्रार लिहाल तर 'अपमान केला' एवढंच लिहून गप बसू नका. कुठं उभे होता, दार उघडं होतं का, कोण ऐकत होतं, ग्लास कोणाला आणि कप कोणाला, सगळं लिहा. तारीख घाला, साक्षीदार घाला. त्या टपरीवर मी एकटा गेलो होतो, ही माझी चूक. पुढच्या खेपेला आपण दहाजण जाऊ आणि दहा काचेचे ग्लास मागू.

बघू तर खरं, दुकान म्हणजे काय!

जयभीम.