कायद्यानं खुर्ची दिली, माणूस युनियननं दिला

(अभ्यासशिबिरातलं भाषण)



मला भाषण येत नाही. मी शाळेतला निवृत्त शिपाई. जन्मभर घंटा वाजवली आणि दुसऱ्यांच्या भाषणाला खुर्च्या मांडल्या. आज तुम्ही मला उभं केलंत, तर अंगावरून गेलंय तेवढंच सांगतो.

सकाळी तुमच्यातल्या एका पोरानं विचारलं, "काका, युनियनमधी जाऊन काय मिळतं? तिथंबी तेच लोक." प्रश्न खोटा नाही.

2003 सालची गोष्ट. मी एका अनुदानित शाळेत होतो. पगार सरकारचा, पण रुबाब संस्थेच्या अध्यक्षाचा. त्याच्या बंगल्यावरची पाण्याची टाकी धुवायला मी नाही म्हणालो. "नोकरी शाळेची आहे, घरगड्याची नाही," एवढंच बोललो. आठ दिवसांत माझ्यावर प्रयोगशाळेतला मायक्रोस्कोप चोरल्याचा आळ आणि हातात निलंबनाचा कागद. आपल्या माणसावर चोरीचा आळ घ्यायला पुरावा लागतोय कुठं? जात हाच पुरावा.

कायदा होता ना! खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा, त्याखाली 1981 ची नियमावली. तिच्यात लिहिलंय की चौकशी समितीत तीन जण. एक संस्थेचा, एक पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांतला, आणि एक कर्मचाऱ्यानं स्वतः निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेतला कर्मचारी. वाचायला झकास. पण शिपायासाठी अध्यक्षाच्या समोर बसायला येणार कोण? आमच्या शाळेतले मास्तर मला बघून रस्ता बदलायला लागले. त्यांनाही पोरंबाळं होती. कायद्यानं मला खुर्ची दिली, पण तिच्यावर बसायला माणूस नव्हता.

तो माणूस युनियननं दिला. दुसऱ्या शाळेतला लिपिक. ना नात्याचा, ना जातीचा. त्यानं पहिल्याच बैठकीत डेडस्टॉक रजिस्टर मागितलं. तोच मायक्रोस्कोप दोन वर्षांपूर्वी मोडीत काढल्याची नोंद, खाली मुख्याध्यापकाची सही! आरोप तिथंच कोसळला. मी परत घंटा वाजवायला लागलो. आधी वर्गणीवरून बायको कुरकुरायची. त्यानंतर दर साली तीच आठवण करायची, "पावती फाडली का?"

आता दुसरी बाजू. ती लपवली तर मी लबाड ठरेन. त्याच युनियनच्या सभेत लिपिक, ग्रंथपाल खुर्चीवर आणि शिपाई सतरंजीवर. सतरंजी अंथरणारेही आम्हीच. एका सभेत मी उभा राहून म्हणालो, "वर्गणी सारखी घेता, मग बसायची जागा वेगळी का?" सभा गप्प. पुढच्या वर्षी कार्यकारिणीत एक शिपाई आला. फार काही झालं असं नाही, पण बाहेर राहून शिव्या घातल्या असत्या तर तेवढंही झालं नसतं.

गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथं अस्पृश्याला घेत नसत. सूत तुटलं की तोंड लावून जोडावं लागायचं, त्याचा विटाळ! बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढंच टाकला. आणि 7 नोव्हेंबर 1938 ला, कामगाराचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. पुढाऱ्यांशी भांडण होतं म्हणून त्यांनी कामगारांची लढाई सोडली नाही.

आणि आज? 11 डिसेंबर 2020 ला शासन निर्णय निघाला. अनुदानित शाळेतला शिपाई निवृत्त झाला की त्याचं पद संपलं. त्या जागी शाळेला ठोक 'शिपाई भत्ता'. खेड्यात महिना 5 हजार. मी निवृत्त झालो आणि माझ्याबरोबर माझं पदही निवृत्त झालं. आपल्या कितीतरी घरांत पहिला कायमचा पगार याच पदानं आणला. त्या पगारावर पोरं शिकली, म्हणून आज तुम्ही इथं बसलाय. भत्त्यावरच्या पोराला सेवापुस्तक कुठलं? पदच नाही तर राखीव जागा कशाची? त्याला उद्या टाकी धुवायला सांगितली तर तो कोणाच्या जोरावर नाही म्हणेल?

बाबासाहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिलीची आपण पदवी घेतली, तिसरीच्या घोषणा देतो. मधली तेवढी राहून जाते.

तुमच्यात जे शाळांत लागलेत, मास्तर असोत, लिपिक असोत, भत्त्यावरचे शिपाई असोत, त्यांना माझं एवढंच सांगणं. सोमवारी जाऊन पावती फाडा. जिथं भत्तेवाल्याला पावती देत नाहीत, तिथं दे म्हणून भांडा. आणि सभेला गेलात की सतरंजीवर बसू नका.

जय भीम!