इंजिनाचीही वही ठेवा

आज आपण इंजिनाबद्दल बोलणार आहोत. गिरणीला जोडलेलं, विहिरीवर पाणी ओढणारं, एका सिलिंडरचं साधं डिझेल इंजिन. आपल्या कितीतरी गटांनी कर्ज काढून अशी इंजिनं घेतली आहेत. वीज गेली की गाव त्यांच्या भरवशावर असतं. पण ते बिघडलं की आपण सगळ्याजणी दारात उभ्या राहून मिस्त्रीची वाट बघतो. इंजिन बंद तर गिरणी बंद, गिरणी बंद तर दळण दुसऱ्या गावाला जातं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

आमच्या बारा जणींच्या गटाची गिरणी आहे. इंजिन पाच हॉर्सपॉवरचं, जुनं घेतलेलं, मिनिटाला १५०० फेरे करणारं, पाण्यानं थंड होणारं. सुरुवातीला पारावरची मंडळी म्हणायची, "बायकांना हँडल तरी मारता येईल का?" हँडल मारता येतंच. पण हँडल मारणं हा इंजिन सांभाळण्यातला सगळ्यात लहान भाग आहे, हे आम्हाला काम करता करता कळलं. जे कळलं ते आज सांगतो.

आधी हे इंजिन चालतं कसं ते बघू. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. त्याच्याच नावावरून इंधनाला डिझेल म्हणतात. आपल्याकडे पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली, आणि विहिरी-विहिरींवर इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो, हे आपण हातानं अनुभवलंय. हवा दाबली की तापते. इंजिनात पिस्टन हवेला सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतो. ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्यात नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं. तो फवारा आपोआप पेटतो. एवढंच या इंजिनाचं गुपित.

म्हणजे इंजिनाला काय लागतं? स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल, आणि दाब न गळणारं सिलिंडर. आतले भाग घासू नयेत म्हणून ऑइल, आणि तापू नयेत म्हणून पाणी. यातलं बहुतेक सगळं आपल्या हातात आहे. इंजिन वयानं कमी आणि घाणीनं जास्त मरतं.

पहिली हवा. आमच्यासारखं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. एका वेळी साधारण अर्धा लिटर. तासाला हिशेब केला तर २२ हजार लिटरच्या वर जातो, म्हणजे २०० लिटरची शंभरावर पिंपं. गिरणीत ही हवा पिठाच्या धुळीनं भरलेली असते, शेतात मातीनं. ती धूळ ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते, लायनर आणि रिंगा झिजवते. म्हणून एअर फिल्टर रोज बघायचा. ज्याच्या तळाशी ऑइलची वाटी असते, त्या वाटीत पिठाचा चिखल झालेला दिसला तर तारीख बघत बसायचं नाही. वाटी काढा, डिझेलनं धुवा, पुसा, खुणेपर्यंत नवं ऑइल घाला. खुणेच्या वर घालू नका, जादा ऑइल इंजिन ओढून घेतं. आणि फिल्टर काढून ठेवून इंजिन कधीच चालवू नका. "जरा ताकद वाढते" असं सांगणारे भेटतात. त्या ताकदीचं बिल नंतर येतं.

दुसरं डिझेल. नोझलची भोकं डोळ्याला नीट दिसत नाहीत इतकी बारीक असतात. डिझेलमधला एक कण किंवा पाण्याचा थेंब त्यांना पुरेसा होतो. डबा आणल्यावर रात्रभर स्थिर ठेवा, पाणी आणि गाळ खाली बसतो. वरचं डिझेल दाट विणीच्या स्वच्छ कापडातून गाळून टाकीत घाला, तळाचं चार बोटं तसंच राहू द्या. टाकी कधी कोरडी होऊ देऊ नका. टाकी संपली की नळीत हवा शिरते, आणि मग कितीही हँडल मारा, इंजिन घेत नाही. अशा वेळी घाबरू नका. टाकीत डिझेल भरा, फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा सैल करा. आधी बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूचं तसंच करा. हे काम एका पान्याचं आणि दहा मिनिटांचं आहे.

तिसरं ऑइल. रोज सुरू करायच्या आधी, इंजिन सपाट जागी आणि बंद असताना, ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, परत घाला, मग बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे लवकरच काळं होतं, तो रोग नाही. "ऑइल काळं झालंय, इंजिन गेलं" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. ऑइल रंगावर बदलायचं नसतं, तासांवर बदलायचं असतं. किती तासांनी आणि कोणतं, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल तर विक्रेत्याकडून त्याची झेरॉक्स मागून घ्या. पण ऑइल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी उतरलंय. तेव्हा हँडलला हातसुद्धा लावू नका, मिस्त्रीला बोलवा. काढलेलं जळकं ऑइल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवा आणि ते विकत घेणाऱ्याला द्या.

चौथं पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड असतं. चुलीवरच्या हंड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच इंजिनाच्या आत बसतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर ते वापरा. चालू इंजिनाचं पाणी एकदम आटलं तर तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातू तडकतो. आधी बंद करा, निवू द्या.

आता धुराची भाषा. इंजिन धुरानं बोलतं. जोर लावल्यावर काळा धूर येत राहिला तर डिझेल पुरतं जळत नाही. फिल्टर तुंबलाय, ओझं जास्त आहे किंवा नोझल नीट फवारत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा झिजल्याची शंका घ्या. थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापलं की जातो, त्याची काळजी नको. पण तो जातच नसेल आणि पाणीही कमी होत असेल, तर हेडचं गॅस्केट तपासून घ्या.

आता वहीकडे येऊ. गटाची बचत, कर्ज, व्याज आपण वहीत लिहितोच. आम्ही इंजिनाचीही एक वही केली. रोज एक ओळ: तारीख, किती तास चाललं, किती लिटर डिझेल घातलं, किती किलो दळलं, ऑइल किती घातलं, आणि शेवटी काही वेगळं जाणवलं तर दोन शब्द. पाळीवर जी असेल तिनं लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी बसून दुसरीनं लिहायचं.

गेल्या वर्षी या वहीनं गटाचे पैसे वाचवले. आमचं इंजिन पूर्ण ओझ्यावर तासाला साधारण एक लिटर घेतं. ऐन सुगीत वहीतला आकडा हळूहळू वर जाऊ लागला. दळण तेवढंच, डिझेल जास्त. शेवटच्या रकान्यात चार दिवस "काळा धूर" लिहिलेलं. फिल्टर स्वच्छ होता. बोलावलेल्या मिस्त्रीनं आवाज ऐकूनच सांगितलं, "बोअर गेला. लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं टाकावं लागेल." जो आकडा सांगितला तो आमच्या तीन हप्त्यांपेक्षा मोठा होता.

आम्ही वही उघडून त्याच्यापुढे ठेवली. ऑइल किती घातलं तो रकाना दाखवला. ऑइल वाढवून लागत नव्हतं, धूर निळा नव्हता. गटातल्या एका आक्कांनी डीकॉम्प्रेशनचा लिव्हर खाली सोडून हातानं फ्लायव्हील सावकाश फिरवून दाखवलं. ते स्प्रिंगसारखं मागे रेटत होतं. म्हणजे दाब धरला जात होता. बोअर गेलेल्या इंजिनात असा दाब राहत नाही. आम्ही म्हटलं, "दादा, आधी नोझल तपासू." नोझल काढून तालुक्याच्या दुकानात यंत्रावर लावलं, तर फवाऱ्याऐवजी थेंब गळत होते. नोझल बदललं, त्याच संध्याकाळी गिरणी सुरू झाली. खर्च काही शे रुपयांत भागला. तो मिस्त्री आजही आमच्याकडे येतो. आता तो आधी वही मागतो.

मिस्त्रीशी भांडण नको. पंपाची वेळ बसवणं, हेड उतरवणं, रिंगा बदलणं ही त्याचीच कामं आहेत, त्याला त्याचा मान आणि मजुरी द्या. फक्त तीन गोष्टी मागा: बिघाड कशावरून ओळखला ते सांगा, बदललेला जुना पार्ट परत द्या, आणि बिल लिहून द्या.

शेवटी जिवाची गोष्ट, ही नीट ऐका. फिरत्या पट्ट्यानं पदर आणि केस ओढून नेल्याच्या घटना गिरण्यांमध्ये घडलेल्या आहेत. पट्ट्याला जाळी बसवल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पदर खोचलेला, केस बांधलेले, गळ्यात लोंबणारं काही नको, मुलं आत नकोत. धुराचा पाइप भिंतीबाहेर हवा. बंद खोलीत साठलेल्या धुरानं माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो. हँडल मारताना अंगठा मुठीभोवती गुंडाळू नका, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवा, म्हणजे उलटा झटका आला तर हात सुटतो. नोझलचा फवारा तपासताना समोर हात कधीच धरू नका. तो कातडीतून आत शिरतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा, आणि फवारा शिरलाय असं डॉक्टरांना सांगायचं. इंजिन बंद करताना डिझेलचा लिव्हर बंद करा. डीकॉम्प्रेशन उचलून बंद करायची सवय वाईट, त्यानं व्हॉल्व्ह खराब होतात.

येत्या बैठकीत एवढं करा. चाळीस पानी वही घ्या. पहिल्या पानावर इंजिनाचा नंबर, घेतल्याची तारीख आणि ऑइल कधी बदललं ते लिहा. पाळ्या ठरवा. पट्ट्याला जाळी नसेल तर त्याचा ठराव त्याच दिवशी करा. इंजिन गटाच्या नावावर आहे, कर्ज गटाच्या नावावर आहे, तर त्याच्या पोटात काय चाललंय तेही गटाला माहीत असलं पाहिजे.

तुमच्या इंजिनाबद्दल काही विचारायचं असेल तर वहीची शेवटची दोन पानं घेऊन केंद्रावर या, आपण सगळ्याजणी मिळून बघू.