दुपारचा पहारा



नोकरी संपल्यावर काय करायचं, हा प्रश्न आमच्या ओळखीतल्या कुणी मुलाच्या शहरात फ्लॅट घेऊन सोडवला, कुणी चारधाम करून. आम्ही दोघं पंढरपूरला आलो आणि एका मठात सेवेला लागलो. उतारवयात नवराबायकोनं क्षेत्राच्या ठिकाणी राहून सेवा करायची म्हणजे दिवसभर करायचं तरी काय, असं सगळेच विचारतात. म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

जोडप्यानं सेवा म्हणजे दोघांनी शेजारी बसून सेवा, असं कुणाच्या मनात असेल तर ते आधी काढून टाका. यांचा वीणेचा पहारा पहाटे असतो, तेव्हा मी कोठीत तांदूळ निवडत असते. दुपारी पंगत बसली की मी वाढते, हे पत्रावळ्या उचलतात. गाठ पडते ती संध्याकाळी हरिपाठाला, आणि तिथंही बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. तक्रार कुणाकडे न्यायची? रखुमाई रुसून इथल्या दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिची समजूत काढायला मागोमाग आला, असं इथं सांगतात. त्या दोघांचे गाभारेसुद्धा आजवर वेगळेच आहेत. काही संसारांना एवढं अंतर मानवतं, असं माझं मत झालंय. यांचं मत मी विचारलेलं नाही.

वीणेचा पहारा म्हणजे काय, ते वारकरी घरातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. वीणा गळ्यात घेऊन नामस्मरण करत उभं राहायचं. वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचं नाही. पुढचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात द्यायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. घेणारा कोण, देणारा कोण, हे बघायचं नाही. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस शेतमजुराच्या पायाला हात लावतो, तेव्हा आसपास कुणाची मानही वळत नाही. पहाऱ्याचा नियमच तो.

पण हे पंढरपुरात पूर्वापार असंच होतं, असं म्हणू नये. महाद्वारात नामदेव पायरी आहे, तिच्यासमोर चोखोबांची समाधी. चोखोबा आणि सोयराबाई, दोघंही अभंग रचणारे. जोडप्यानं केलेल्या भक्तीचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि त्यांना देवळाचा उंबरा ओलांडता आला नाही. पुढे कित्येक शतकं त्यांच्या जातीच्या माणसांनाही नाही. देऊळ त्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ ला इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. ते सुटलं १० मे रोजी. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा तीनच महिने उरले होते. देवळातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क तर त्याहून पुष्कळ काळ टिकले. ते संपवायला १९७३ चा कायदा आला, पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल लागला जानेवारी २०१४ मध्ये. गावाहून पाहुणे आले की मी त्यांना आधी चोखोबांच्या समाधीपाशी नेते आणि मग रांगेत उभं करते. मार्गदर्शन म्हणाल तर माझं एवढंच.

म्हाताऱ्या जोडप्यांचा इथं एक मोठा मानही आहे. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात, तेव्हा दर्शनाच्या रांगेतलं एक वारकरी जोडपं त्यांच्याबरोबर पूजेला बसतं. २०२० साली करोनामुळे देऊळ बंद होतं, पालख्या एसटीतून आल्या, रांग नव्हतीच. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी मानाचा वारकरी निवडला तो मंदिरातच वीणेचा पहारा करणाऱ्यांतून. एरवी त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही, त्या दोन वर्षांत सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. या जोडप्याला एसटीचा वर्षभराचा मोफत पासही मिळतो. आता पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकटच आहे, तेव्हा पासाचा खरा उपयोग व्हायचा तर विठोबानं जरा तरुण वारकरी निवडावेत.

सेवेला येणारे सगळे भक्तीनंच येतात असंही नाही. आमच्याबरोबर काही जण घरी करमत नाही म्हणून आले, काही घरात दोन खोल्या आणि माणसं सात म्हणून. पुंडलिकाची गोष्ट आपण सगळे सांगतो. आईवडिलांचे पाय चेपत होता, दारात देव आला तर त्याला विटेवर थांबायला लावलं. पुंडलिकाचं देऊळ चंद्रभागेच्या वाळवंटात आहे, देव विटेवर आहे. ज्यांचे पाय चेपले जात होते त्या दोन म्हाताऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही. त्यांना रोज पाय चेपून घ्यायला आवडत असेल का, असं मला आताशा वाटतं. मुलाला मोकळं करावं, आपले हातपाय चालतात तोवर आपणच कुणाला तरी पाणी द्यावं, असं वाटणारेही आईवडील असतात. इथं त्यांची बरीच भरती आहे.

आता यायचं मनात असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. सेवेची जागा एकच नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची इथं शाखा आहे, तिथं सेवेकरी पाळीपाळीनं येतात. गावोगावच्या फडांचे आणि दिंड्यांचे मठ आहेत. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, तो आधी विचारून घ्यावा. गुडघे, साखर, रक्तदाब, जे काही असेल ते लपवू नये. उभं राहणं जमत नसेल तर बसून करायची कामं भरपूर आहेत. भाजी चिरायची असते, वाती वळायच्या असतात, चपला सांभाळायच्या असतात. वरची खोली मागू नये, मिळाली तर जिना मोजून घ्यावा. आणि शहाणपण सांगायला येऊ नये. वर्षानुवर्षं वारी केलेल्या माणसाला दर्शन कसं घ्यावं हे शिकवणारा सेवेकरी मी पाहिला आहे. त्या वारकरी माउलींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्यालाच विचारलं, पाणी कुठं मिळेल?

आणखी एक. सगळ्यांना सेवा करायची असते ती आषाढीत. तेव्हा देवाचा पलंग काढलेला असतो, दर्शन रात्रंदिवस चालू, रांग गोपाळपूरच्या पत्राशेडकडे गेलेली, आणि मदतीला हात इतके की वाढणारेच एकमेकांना आडवे येतात. यात्रा संपल्यावरची प्रक्षाळपूजा होऊन देव पुन्हा पलंगावर निजायला लागला की हे हात गावी गेलेले असतात. खरी ओढाताण होते ती वैशाखात. सोलापूर जिल्ह्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. चंद्रभागेत पाणी जेमतेम, वाळवंटात पाय ठेववत नाही, आणि तरीही लग्नानंतर देवदर्शनाला निघालेली जोडपी, सुट्टीतली शाळकरी पोरं, नवस फेडायला आलेली माणसं येतच असतात. त्या दिवसांत आमच्या मठात बारा ते दोनच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही. पहाटेच्या वीणेकऱ्यालाच जेवून पुन्हा उभं राहावं लागतं. तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी वैशाखात यावं, सुती कपडे आणावेत आणि आल्या आल्या दुपारचाच पहारा मागून घ्यावा.