विकत आणलेले कुत्र्याचे पिल्लू आजारी पडल्यास काय करावे?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



चारा, गोठा, दूध हे विषय सोडून कुत्र्याच्या पिल्लावर भाषण कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु बारामती, इंदापूर भागात वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्रे ही चैन नव्हे. उसाच्या कडेला घर, मागे शेळ्यांचा वाडा आणि रात्री पाण्याची पाळी, अशा ठिकाणी राखणीला कुत्रे लागतेच. मेंढपाळाच्या वाड्याचे तर कुत्र्यावाचून चालत नाही. पूर्वी पिल्लू शेजारच्या वस्तीवरून फुकट मिळे. आता जर्मन शेफर्ड, डॉबरमन, कारवान अशा जातींची पिल्ले हजारो रुपये मोजून आणली जातात. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू मलूल होते, उलट्या व रक्ताचे जुलाब सुरू होतात आणि आठवड्याच्या आत ते दगावते. पैसे जातात, मुले रडतात आणि विकणारा म्हणतो, "माझ्याकडे असताना चांगले होते."

गाय घेताना आपण दात पाहतो, कास पाहतो, दोन-तीन वेळा धार काढून पाहतो. पिल्लू मात्र दहा मिनिटांत घेतो. म्हणून पिल्लू आजारी पडल्यावर काय करावे आणि नुकसान कोणाकडे मागावे, हे क्रमाने सांगतो.

आजार कोणते?

नव्या पिल्लाच्या जुलाबाची कारणे साधारण तीन. पहिले कारण खाण्यातील बदल. आईच्या दुधावरचे पिल्लू एकदम गाई-म्हशीच्या दुधावर घातले की हगवण लागते. असे पिल्लू सहसा खेळते-बागडते राहते. दुसरे कारण जंत. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. पोट नगाऱ्यासारखे, अंगावर तेज नाही, हिरड्या फिकट, ही त्याची खूण. हिरड्या फिकट पडण्याचे दुसरे कारण गोचिडे. त्यांच्यापासून ताप व रक्तक्षय होतो.

तिसरे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे पार्व्हो. हा विषाणू जगाच्या नजरेस १९७८ च्या सुमारास आला. उलट्या, घाण वासाचे रक्तमिश्रित जुलाब, खाणेपिणे बंद आणि झपाट्याने अंगातील पाणी कमी होणे ही त्याची लक्षणे. उपचार नसतील तर बहुतेक पिल्ले मरतात. वेळेवर सलाईन व उपचार मिळाले तर बरीच वाचतात. याखेरीज डिस्टेंपर असतो. त्यात डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला, ताप आणि पुढे झटके येतात.

पहिल्या दिवशी काय करावे?

१) पिल्लू घरातील इतर कुत्र्यांपासून ताबडतोब वेगळे बांधावे. त्याची थाळी, पोते, साखळी वेगळी ठेवावी.

२) दोनपेक्षा जास्त उलट्या, जुलाबात रक्त किंवा पिल्लाने अंग टाकणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. लहान पिल्लाच्या बाबतीत एक रात्रही फार असते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. कुत्र्यावर उपचार होतील का, हे फोनवरच विचारून घ्यावे.

३) नेताना पिल्लू पोत्यात किंवा गोधडीत गुंडाळून ऊबदार ठेवावे. फार मलूल असल्यास हिरडीला थोडे मध किंवा साखरेचे पाणी चोळावे. उलट्या चालू असताना तोंडात पाणी वा दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

४) ताज्या शेणाचा थोडा नमुना स्वच्छ डबीत घ्यावा. पार्व्होची तपासणी त्यावरूनच होते आणि काही मिनिटांत निकाल देणारे संच उपलब्ध आहेत.

काय करू नये?

घरातील माणसांच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या पिल्लाला देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला व आतड्याला इजा करतात. गोठ्यातील गोचिडांसाठी आणलेले फवारणीचे औषध अंदाजाने पिल्लाच्या अंगावर ओतू नये. गाईसाठी आणलेले जंताचे इंजेक्शनही टोचू नये. कांदा-लसणाची आमटी कालवलेली भाकरी कुत्र्याला अपायकारक आहे, ती निरोगी पिल्लालाही घालू नये.

दिवस मोजावेत

रोगाची लागण विकणाऱ्याकडे झाली की आपल्या वस्तीवर, हा पुढे भांडणाचा मुद्दा होतो. त्याचे उत्तर दिवसांत आहे. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, क्वचित दोन आठवडेही. म्हणजे आणल्यानंतर एक-दोन दिवसांतच पिल्लू पडले, तर ते रोग घेऊनच आले असे समजण्यास जागा आहे. दहा-बारा दिवसांनी पडले, तर लागण वस्तीवरही झालेली असू शकते, विशेषतः पूर्वी तेथे कुत्रे जुलाबाने मेले असेल तर. जंताने पोट फुगलेले पिल्लू मात्र बहुधा तसेच आलेले असते. म्हणून पिल्लू घरी आणल्याची तारीख आणि पहिले लक्षण दिसल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी.

येथे विकणाऱ्यावरही अन्याय होऊ नये. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लसीला काम करू देत नाही. त्यामुळे एक लस टोचलेल्या पिल्लालाही पार्व्हो होऊ शकतो. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस द्यावी लागते, ती याच कारणाने.

कायदा काय म्हणतो?

कुत्र्यांची पैदास व विक्री यांसाठी केंद्र शासनाने २०१७ मध्ये आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने व दुकानदाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावयाची असते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पैदास करणाऱ्याने विकलेले पिल्लू निरोगी व लस टोचलेले असावे आणि तसा पशुवैद्यकाचा दाखला असावा. तात्काळ विक्रीसाठी पिल्ले सार्वजनिक जागी मांडण्यास मनाई आहे. रस्त्याच्या कडेला टोपलीत मांडलेले महिन्याचे पिल्लू घेणे म्हणजे आजारच विकत घेणे होय.

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यात फसवणूक समजावताना घोड्याचे उदाहरण दिले आहे. विकणाऱ्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन." विकणारा गप्प राहतो. अशा वेळी ते गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. यातून आपण धडा घ्यावा. पिल्लू घेताना साक्षीदारासमोर किंवा मोबाइलवर लिहून विचारावे, "या वेतातील कोणा पिल्लाला उलट्या-जुलाब झाले आहेत का? जंताचे औषध कधी दिले? लस कोणी टोचली?" पावतीवर 'विक्रीनंतर जबाबदारी नाही' असे छापले, तरी ठाऊक असलेला रोग लपवून विकण्याची मुभा कोणाला मिळत नाही.

भरपाई कशी मागावी?

प्रथम विकणाऱ्याला त्याच दिवशी फोन करून कळवावे आणि तेच मोबाइलवर लिहूनही पाठवावे. भाषा सौम्य ठेवावी. त्याच्याकडील इतर पिल्लांनाही धोका असतो, हे सांगावे. अनेकदा तेथेच तडजोड होते. तडजोडीत तीन गोष्टी मागता येतात: उपचाराचा खर्च, किंमत परत किंवा दुसरे पिल्लू. मात्र पार्व्हो झालेल्या वेतातीलच दुसरे पिल्लू लगेच घेऊ नये.

कागद नीट ठेवावेत. पैसे दिल्याची पावती किंवा बँकेची नोंद, लसीचे कार्ड, पशुवैद्यकाचा तारीखवार केसपेपर, औषधांची बिले, तपासणीचा निकाल, पिल्लाची छायाचित्रे. लसीच्या कार्डावर लसीचे लेबल, बॅच क्रमांक आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक नसेल, तर ते कार्ड कोरा कागदच समजावा.

तडजोड न झाल्यास स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरचा मार्ग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे पिल्लू दुसऱ्या जिल्ह्यातून आणले असले, तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. तथापि ही तक्रार धंदा म्हणून विकणाऱ्याविरुद्ध चालते. पाहुण्याने प्रेमाने दिलेल्या पिल्लाला ती लागू नाही. पिल्ले काढून विकण्यासाठी मादी घेतली असेल, तर व्यापारी हेतूचा आक्षेप येऊ शकतो.

पिल्लू दगावल्यास

पिल्लू मेले की लगेच पुरून टाकण्याची आपली रीत आहे. भरपाई मागावयाची असेल, तर आधी शवविच्छेदन करून घ्यावे. मरणाचे कारण सांगणारा तोच पुरावा. मृत पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत, बर्फावर ठेवून लवकरात लवकर पशुवैद्यकाकडे न्यावे. शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मार्गदर्शन मिळू शकते. नंतर विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

माळावर फेकून देऊ नये. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीसारखी गवताळ माळराने आहेत, तेथे लांडगे, खोकड फिरतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर व रेबीज त्यांनाही होतो आणि पिसाळलेला लांडगा पुन्हा आपल्याच वाड्यावर येतो.

पार्व्होचा विषाणू मातीत अनेक महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. फरशी व भांडी आधी घासून धुवावीत. मग दहा लिटर पाण्यात सुमारे ६० ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर मिसळून ते पाणी निदान दहा मिनिटे राहू द्यावे. मातीची जागा अशी शुद्ध होत नाही. म्हणून त्या जागी पुढील वर्षभर लसींचा क्रम पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये.

रेबीज विसरू नये

लहान पिल्लाच्या दाताला विष नसते, हा समज जीवघेणा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले पिल्लू रेबीज घेऊन आपल्या घरी येऊ शकते. आजारी पिल्लू कोणाला चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन लसीचा क्रम सुरू करावा आणि पूर्ण करावा. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी टोचत जावी.

बंधू-भगिनींनो, पिल्लू घ्या, पण आठ आठवड्यांचे, आईजवळ पाहून, कार्ड वाचून घ्या. घरी आणल्यावर पहिल्या दोन दिवसांतच पशुवैद्यकाला दाखवून त्याची नोंद करून घ्या. त्या एका भेटीने रोग वेळेवर कळतो आणि पुढे भांडण झालेच, तर तोच कागद आपल्या बाजूने उभा राहतो. पिल्लाच्या किमतीबरोबर चार महिन्यांच्या लसींचा खर्चही आधीच हिशोबात धरा. तो परवडत नसेल, तर महागडे पिल्लू घेऊ नका. लस टोचलेले गावठी कुत्रेही राखणीला उत्तम असते.