नेवाशात आपले स्वागत



प्रवराकाठच्या या नेवाशात तुम्हा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने मांडव, पाणी आणि पंगत बघावी, तत्त्वज्ञानात शिरू नये, असा संकेत आहे. पण गाव नेवासे असल्यावर तो पाळणे जड जाते.

शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची आपली टीका याच गावी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या! ज्या खांबाला टेकून त्या सांगितल्या अशी आमची श्रद्धा आहे, तो पैसखांब मंदिरात आजही उभा आहे. सवडीने जाऊन जवळून पाहा. त्यावर ब्रह्मज्ञानाचे अक्षर नाही. करवीरेश्वरापुढच्या अखंड दिव्याला तेल मिळावे म्हणून दिलेल्या दानाची ती नोंद आहे.

आपला विषय आत्मा, माया, कर्म आणि मोक्ष. शंकराचार्यांनी गीतेत ज्ञान मुख्य मानले, कर्म चित्तशुद्धीपुरते. ज्ञानेश्वरांनी भाष्यकारांचा मान राखला, तरी 'अमृतानुभवा'त अज्ञान नावाची वेगळी वस्तूच खोडून काढली आणि जग हा चैतन्याचाच विलास ठरवला. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहून संन्यासापेक्षा कर्मयोग वर धरला. ते १९१५ साली छापले गेले.

हल्ली मात्र अध्यात्माच्या सभेत 'सगळी दर्शने शेवटी एकच सांगतात' एवढे म्हटले की टाळ्या पडतात. मला हा वैचारिक आळस वाटतो. जग भास असेल, तर रात्री शेतात दारे धरणाऱ्याचे काम ही फार तर पूर्वतयारी. जग हाच विलास असेल, तर ते काम हीच पूजा. उत्तर बदलले की माणसाच्या कष्टांची किंमत बदलते.

म्हणून वक्त्यांना हात जोडून विनंती आहे, मतभेद झाकू नका. प्रत्येक सत्राची शेवटची पंधरा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखली आहेत; भाषण लांबवून कृपया ती खाऊ नका. आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनो, पटले नाही तर उठून विचारा.