पहिलीचा वर्ग कोणाकडे?



शिक्षणावर व्याख्यान म्हटले की विषय साधारण ठरलेले असतात: नवे धोरण, परीक्षा, प्रवेश, फार तर माध्यमाचा वाद. आज मी यांच्या वाटेला जाणार नाही. मला बोलायचे आहे ते पहिली-दुसरीच्या वर्गाविषयी, आणि माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शाळा-कॉलेजांत जे जे शिकवले जाते, त्यात डोके सर्वांत जास्त चालवावे लागते ते पहिलीत शिकवताना; आणि आपण सगळे, पालक, संस्थाचालक, शासन, इतकेच काय पण पुष्कळदा शिक्षकसुद्धा, ते सर्वांत सोपे काम समजतो. पहिलीच्या बाईंविषयी आपण चांगले बोलतो ते त्या मायाळू आहेत, त्यांना मुलांचा लळा आहे, त्यांच्या अंगी फार सोशिकपणा आहे, असे. हे गुण हवेतच. पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरची ओळख कोणी ‘स्वभावाने फार प्रेमळ’ एवढ्यावरच संपवत नाही. पहिलीच्या शिक्षकाच्या कामात ज्ञान लागते, आणि ते बारावीच्या पुस्तकात सापडणारे ज्ञान नव्हे, हे आपण मोजतच नाही.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो गदारोळ झाला, तो पुष्कळांना आठवत असेल. एकवीसला ‘वीस एक’ असेही म्हणता येते, असे पुस्तकात दिले होते. विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत त्याची यथेच्छ टिंगल झाली. या पुस्तकामागे गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समिती होती. पण ‘आम्ही काय एकवीस म्हणून शिकलो नाही?’ या प्रश्नापुढे गणिताचे कोण ऐकतो? अडचण काय आहे ते पाहा. मराठीत एकवीस म्हणताना आधी एक ऐकू येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2, मग 1. सहा वर्षांचे मूल कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहू गेले की पाटीवर 12 उमटतात. एकोणतीसमध्ये तर कानावर तीस पडते आणि हाताने विशीतला आकडा लिहायचा असतो. 39 लिहिणारे मूल ऐकलेल्याशी इमानच राखत असते. पलीकडे कानडी मुलाला दशक आधी आणि एकक नंतर ऐकू येते, त्यामुळे हा पेच त्याच्यापुढे येत नाही. आता ‘वीस एक’ हा उपाय सर्वांना पटलाच पाहिजे असे नाही. बाजारात, बसमध्ये, घरात एकवीसच म्हटले जाणार. तेव्हा तो फार तर मधला टप्पा ठरावा, असे माझे मत आहे. पण त्या वादात उपायावर चर्चा झालीच नाही. इथे काही अडचण आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. ज्याला ती रोज दिसत होती त्या शिक्षकाला कोणी विचारले नाही.

वाचनाचेही तसेच. मोठ्या माणसाला वाचता येते, म्हणून वाचायला शिकणे म्हणजे काय हे तो पार विसरलेला असतो. ‘कि’ हे अक्षर घ्या. उच्चारात क आधी आणि इ नंतर, पण कागदावर वेलांटी आधी आणि क नंतर. ‘सूर्य’ मध्ये र हा य च्या आधी उच्चारला जातो आणि बसतो य च्या डोक्यावर. मूलाक्षरे ओळीने घडाघडा म्हणणारे मूल ‘किडा’पाशी अडते, तेव्हा ते आळशी नसते की मंद नसते, आजवर शिकलेला डावीकडून उजवीकडे जाण्याचा नियम ते निष्ठेने पाळत असते. गणितातले आणखी एकच उदाहरण पुरे. 52 मधून 27 वजा करायला दिले आणि मुलाने उत्तर लिहिले 35. लाल फुली मारून पुढे जाणारा शिक्षक एक. दुसरा शिक्षक थांबतो आणि ओळखतो, की या मुलाने 7 मधून 2 काढले, कारण ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे त्याला पक्के शिकवले गेले आहे. म्हणजे उत्तर चुकले, पण वजाबाकी चुकली नाही. दशक सुटा करणे राहून गेले. असा शिक्षक पुन्हा दहा गणिते घालत बसत नाही. तो काड्यांचे गठ्ठे पुढे ठेवतो आणि दहाचा एक गठ्ठा मुलाला स्वतः सोडायला लावतो. या दोघांमध्ये फरक आहे तो मायेचा नाही. पहिलाही प्रेमळ असू शकतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘एवढे कौतुक कशाला? आम्ही अंकलिपी, छडी आणि परवचा यांवर शिकलो, काही बिघडले का?’ या सभागृहात बसलेल्यांचे बिघडले नाही, हे खरे. पण ज्यांचे बिघडले ते इथे नाहीत. ते दुसरी-तिसरीत पाटी टाकून गुरांमागे गेले, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले, आणि त्यांच्या न शिकण्याचा दोष त्यांच्या नशिबावर किंवा जातीवर टाकून आपण मोकळे झालो. जुनी पद्धत ज्यांच्या घरी वाचणारे कोणी होते त्यांना तारत होती. उरलेल्यांना गाळत होती. आज गाळणे पुष्कळ कमी झाले आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाचे प्रत्येक मूल शाळेत असण्याचा हक्क मान्य केला. मूल शाळेत आले, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र ‘असर’ या शिक्षणविषयक सर्वेक्षणात 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले 23.4 टक्केच होती. 2022 मध्ये, करोनानंतर, हे प्रमाण 16.3 टक्के होते. मधल्या दोन वर्षांतली वाढ नजरेत भरण्याजोगी आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाल्यापासून पायाभूत वाचन आणि गणिताकडे लक्ष वळले, त्याचा यात वाटा असणार. तरीही चारांतली तीन मुले मागेच आहेत, आणि तिसरीनंतर पुस्तके असे गृहीत धरतात की मुलाला वाचता येते. पुढचा परिसर अभ्यास, भूगोल, विज्ञान सगळे वाचूनच शिकायचे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चौथीपासूनची शाळा म्हणजे नुसती हजेरी.

सुरुवातीचा वर्ग किती दूरवर पोचतो याचा एक मोठा पुरावा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून आला आहे. तिथे 1985 पासून 79 शाळांमधील सुमारे साडेअकरा हजार मुले आणि त्यांचे शिक्षक यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वर्ग वाटून दिले गेले, बालवर्ग ते तिसरीपर्यंत. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांच्या सत्ताविसाव्या वर्षीच्या कमाईशी ही माहिती ताडून पाहिली आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चांगल्या बालवर्गाचा गुणांवरचा परिणाम पुढच्या इयत्तांत विरून गेल्यासारखा दिसला, पण मोठेपणीच्या कमाईत तो पुन्हा उमटला. बालवर्गात दहा वर्षांहून जास्त अनुभवाचा शिक्षक लाभलेली मुले सरासरीने अधिक कमावत होती. अनुभव म्हणजेच कौशल्य असे यातून सिद्ध होत नाही, आणि टेनेसी म्हणजे काही पालघर नव्हे, हे मान्य. पण सुरुवातीचा वर्ग कोणाच्याही हाती दिला तरी चालते, ही आपली खात्री मात्र या पुराव्यापुढे टिकत नाही.

पालघरचे नाव निघालेच आहे तर तिथल्याच कामाकडे वळू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, म्हणून अंगणवाडी. मूल गुरांमागे कुरणात जाते, म्हणून कुरणशाळा. शंख-शिंपले, बिया, पाने, दगड हीच साधने. वारली मुलाच्या घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर असते. नंदुरबारच्या भिल्ल, मेळघाटच्या कोरकू, तांड्यावरच्या बंजारा मुलालाही तेच अंतर ओलांडायचे असते, आणि ते ओलांडून देणारा पूल पहिलीच्या शिक्षकालाच बांधावा लागतो. पुस्तक ते करू शकत नाही. मोबाइलवरचे ॲपही करू शकत नाही, कारण मूल गप्प का बसले आहे हे त्याला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ‘पगार भरपूर, सुट्ट्या भरपूर, आणि तरी शिकवत नाहीत.’ काही ठिकाणी हे खरे आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण व्यवस्था शिक्षकाकडून काय करून घेते तेही पाहावे. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पटाच्या शाळेला दोन शिक्षक. पट तीस असो, पहिली ते चौथी हे चार वर्ग दोघांत वाटायचे. म्हणजे पहिलीच्या मुलाला वेलांटी समजावताना त्याच खोलीत दुसरीची मुले उदाहरणे सोडवून बसलेली, तीही तपासायची. आणि नेमके तेव्हाच केंद्रशाळेतून फोन येतो की अमुक माहिती दुपारपर्यंत ऑनलाइन भरा. कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामे देऊ नयेत म्हटले आहे. आहाराचा हिशेब, फोटो, लिंक आणि अहवाल या कलमाला वळसा घालून वर्गात शिरतात. पगाराचेही असेच. शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये वाढले: प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 रुपये. पात्रतेप्रमाणे मोबदला, असे याचे समर्थन केले जाते. पण मूल जितके लहान तितका शिक्षक स्वस्त, हा अर्थही त्याच आकड्यांत उघड दिसतो. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात हीच तक्रार होती. रयतेच्या पैशावर वरच्या शिक्षणाचे लाड होतात, खालचे शिक्षण उपाशी राहते, असे सांगून प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली होती. ज्ञान वरून खाली झिरपत नाही, हे त्यांना तेव्हाच कळले होते.

मग एवढ्या अडचणी असता हा वर्ग कोणी आनंदाने का घ्यावा? मुलांचे निरागस हसू वगैरे उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. हसू तर अंगणातही असते. या कामाचा खरा मोबदला बुद्धीचा आहे. दहावीच्या शिक्षकाला आपण नेमके काय शिकवले हे कधीच सांगता येत नाही; शिकवणी, मार्गदर्शक, घर, मागची नऊ वर्षे यांत त्याचा वाटा हरवतो. पहिलीच्या शिक्षकाला जूनमध्ये न वाचणारे मूल मार्चमध्ये वाचताना दिसते, आणि ज्या घरात वाचणारे कोणीच नाही तिथल्या मुलाच्या बाबतीत हे कोणामुळे झाले याविषयी शंका उरत नाही. मूल आधी अक्षर अक्षर लावत असते आणि मग एखाद्या दिवशी एकदम शब्द वाचते; वाचून झाल्यावर त्या शब्दाच्या अर्थाला हसते. मनुष्याच्या मेंदूत घडणारी ही घटना आयुष्यात एकदाच घडते, आणि तिच्या जवळ बसण्याचा हक्क एकाच शिक्षकाला असतो. ज्याला मन कसे शिकते याचे कुतूहल आहे त्याला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. मात्र हा मोबदला ज्याला 35 या उत्तरातला विचार वाचता येतो त्यालाच मिळतो. ज्याला तो वाचता येत नाही त्याच्यासाठी हा वर्ग म्हणजे नुसता कलकलाट, आणि तो पहिल्या संधीला वरचा वर्ग मागून घेतो. म्हणून प्रशिक्षणही याच गोष्टीचे हवे. पाठटाचणाच्या नमुन्यांचे आणि घोषणांचे प्रशिक्षण आजवर पुष्कळ झाले. मुलांच्या वह्या समोर ठेवून, ‘या मुलाने असे का लिहिले असेल?’ यावर शिक्षकांनी तासभर एकत्र बसणे, याला फारसा खर्चही येत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी संस्थेच्या कार्यकारिणीवर असेल, कोणी शाळा व्यवस्थापन समितीवर. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे तुमच्या शब्दाला कायद्याने वजन आहे. शाळा सुरू होताना वर्गवाटप होते. त्या बैठकीला जा. शाळेतला सर्वांत जाणता शिक्षक कोणता वर्ग घेणार आहे, हे विचारा. नव्याने रुजू झालेल्याला किंवा लवकरच निवृत्त होणाऱ्याला पहिली दिली असेल तर का दिली, हेही विचारा. चांगल्या शिक्षकाने पहिली घेतली तर तीच मुले घेऊन त्याला दुसरीतही जाऊ द्या, आणि या दोन वर्षांत त्याच्या वर्गातून त्याला माहिती भरायला उठवू नका.