तासगावच्या अंगणात

अध्यक्ष महोदय, आणि चंद्रपूर-वणीपासून गोव्यापर्यंतच्या खाणपट्ट्यांतून या परिषदेला आलेले अभ्यासकहो, तासगाव आपले मनापासून स्वागत करीत आहे.

तासगाव म्हटले की आधी उजव्या सोंडेचा गणपती. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकच्या मोहिमांवर गेले, तिकडची गोपुरे त्यांच्या मनात भरली आणि इथे देवळापुढे सात मजली गोपुर उभे राहिले. ऋषिपंचमीला गणपतीचा तीन मजली रथ काशीविश्वेश्वराकडे, म्हणजे बापाच्या भेटीला, निघतो. त्याच्या दोराला हात लागावा म्हणून अख्खा तालुका लोटतो.

आणखी एक नाव घेतल्यावाचून हे स्वागत पुरे होणार नाही: बोरगावचे वसंतराव आर्वे. थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या वेलींतून त्यांनी निराळ्या गुणांचा वाण निवडून काढला, तोच ‘तास-ए-गणेश’. नावात गावही आले आणि गणपतीही. हे घड आवडीने खाणाऱ्या किती जणांना आर्वे ठाऊक असतील?

थॉमसनचे दुसरे मोठे घर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोरे, तेही तासगावसारखेच बेदाण्याचे. तिथल्या शेतांतून निचरलेले पाणी केस्टर्सनच्या तळ्यांत साठवले जाई. पाण्याबरोबर मातीतले सेलेनियमही येई. त्यापायी १९८३ मध्ये तिथल्या घरट्यांत चोच, डोळे, पाय धड नसलेली पाखरांची पिल्ले सापडली. शेडमध्ये चारेक किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, हे इथे पोरालाही कळते: पाणी उडते, बाकीचे दाटते. तळ्यात सेलेनियम तसेच दाटले. पुढे शेवाळातून किड्यांत आणि तिथून पाखरांच्या अंड्यांत साठत गेले.

कोळशाच्या खाणीत हेच सेलेनियम खडकात बंद असते. कोळशावरून काढलेल्या दगडमातीचे, म्हणजे ‘ओबी’चे, ढीग उघड्यावर पडले, हवा-पाणी लागले, की ओढ्यात उतरते. कॅनडातील एल्क खोऱ्यात हेच झाले. २०२१ मध्ये तिथल्या खाणवाल्यांना सहा कोटी कॅनेडियन डॉलरचा दंड झाला. चंद्रपूरच्या इरई नदीकाठीही ओबीचे डोंगर आहेत. पाऊस ढिगात मुरू नये म्हणून त्यावर झाकण हवे, निचऱ्याचे पाणी जिवाणूंच्या टाक्यांतून जायला हवे, आणि त्याआधी नदीतले सेलेनियम नेमाने मोजले गेले पाहिजे. या परिषदेने तेवढे तरी पदरात पाडून घ्यावे, अशी तासगावची कळकळीची विनंती आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मंगल कार्यालयातल्या खोल्या अपुऱ्या पडल्या, काहींना शाळेत उतरावे लागले; गरम पाणी सकाळी आठपर्यंतच मिळेल. स्वागत समिती त्याबद्दल क्षमा मागते. बेदाणा व्यापाऱ्यांनी मांडवाचा खर्च उचलला, शीतगृहवाल्यांनी पाण्याचे जार दिले, बचत गटाच्या ताई पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत. समिती या साऱ्यांची ऋणी आहे. पंगत साडेबाराला बसेल. गोपुर पाहायला जाणाऱ्यांसाठी चार वाजता फाटकाशी जीप उभ्या असतील.